मूळ आकृतीचा रंग

एखादी गोष्ट अनेक रूपांत वावरत असताना तिला 'एकच' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. माती आणि घट, सोने आणि अलंकार या दृष्टान्तांवर आपल्या अनेक पिढ्यांनी तो तपासून पाहिला. आज तोच प्रश्न एका अगदी साध्या, व्यावहारिक कामात पुन्हा समोर येतो. ते काम म्हणजे संस्थेच्या बोधचिन्हाच्या निरनिराळ्या रंगावृत्त्या संगणकावर तयार करणे आणि त्या नीट सांभाळणे. विषय किरकोळ वाटण्याजोगा आहे. परंतु कोणत्या भेदाला भेद मानावे, कोणत्या भेदाकडे दुर्लक्ष करावे आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे या कामात प्रत्यक्ष ठरवावे लागते. आणि तसे ठरवणे हा नीतीचाच व्यवहार आहे.

उदाहरणादाखल असे समजू की एखाद्या जुन्या वाङ्मय मंडळाचे बोधचिन्ह समईचे आहे. समई पितळी पिवळ्या रंगाची, ज्योत केशरी, आणि खाली मंडळाचे नाव गडद तांबड्या अक्षरांत. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हे चिन्ह असेच, पूर्ण रंगांत छापले जाईल. पत्राच्या माथ्यावर ते एकाच रंगात लागेल, कारण त्या पत्राच्या पुढे झेरॉक्स प्रती निघतात आणि त्यांत रंग उरत नाही. रबरी शिक्क्याला तर जांभळ्या शाईखेरीज दुसरे काही ठाऊकच नसते. गडद पार्श्वभूमीच्या कापडी फलकावर चिन्ह पांढरे करावे लागेल. पितळी पाटीवर रंग मुळीच नसेल, नुसता कोरीव खळगा असेल. शिवाय संगणकाचा पडदा तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांतून रंग घडवतो, तर छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून. पडद्यावर तेजाळ दिसणारा केशरी रंग चार शायांत तसाच्या तसा उतरत नाही, म्हणून छपाईची आवृत्ती वेगळी आणि पडद्याची वेगळी ठेवावी लागते. एका समईच्या अशा पाहता पाहता सहा-सात रंगावृत्त्या होतात. त्यांपैकी खरी समई कोणती?

पहिले उत्तर सहज सुचते ते असे की, पूर्ण रंगांतली समई खरी आणि बाकीच्या तिच्या उणावलेल्या प्रती. हे उत्तर टिकत नाही. अनेक अनुभवी आरेखक चिन्ह प्रथम काळ्या-पांढऱ्यातच घडवतात. जे चिन्ह रंगाच्या आधाराशिवाय ओळखू येत नाही ते मुळातच कच्चे, असे ते मानतात. त्या दृष्टीने पाहिले तर काळी आवृत्ती आधीची आणि रंगीत आवृत्ती नंतरची ठरते. मग काळीलाच मूळ म्हणावे काय? तिलाही काळा हा रंग आहेच. शाई काळी आहे म्हणून ती रंगाच्या पलीकडची होत नाही.

येथे व्हेक्टर पद्धतीच्या आरेखनाचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. छायाचित्रासारखे चित्र म्हणजे लहान लहान रंगीत ठिपक्यांची जाळी असते. ते मोठे केले की ठिपके उघडे पडतात. व्हेक्टर आकृतीत असे ठिपके साठवलेले नसतात. तिच्यात काही बिंदूंची स्थाने आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचे गणित एवढेच असते. हे गणित मोटारींच्या कारखान्यांत जन्मले. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीतील पियेर बेझिये यांनी १९६० च्या दशकात, मोटारीच्या पत्र्याचे बाक अचूक सांगता यावेत म्हणून ते विकसित केले. १९८७ मधील इलस्ट्रेटर, १९८९ मधील कोरलड्रॉ आणि २००३ पासूनचे मुक्त स्वरूपाचे इंकस्केप ही सारी साधने त्याच पायावर उभी आहेत. त्यांत रंग हा आकृतीचा भाग नसतो. रंग म्हणजे आकृतीला बाहेरून जोडलेली एक नोंद: 'आतील भाग अमुक रंगाचा'. नोंद बदलली की रंग बदलतो. बिंदू जागचे हलत नाहीत.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो तो मातीचा दृष्टान्त येथे बरोबर उलटा होतो. तेथे द्रव्य सत्य आणि आकार नाममात्र. येथे द्रव्य दर वेळी निराळे: कधी कागद, कधी पितळ, कधी रबर, कधी नुसता प्रकाश. स्थिर राहतो तो आकार. घडे फुटले तरी माती उरते, असे तो दृष्टान्त सांगतो. बोधचिन्हाच्या बाबतीत मात्र सगळ्या माती बदलल्या तरी घडा उरतो.

आकार टिकवणे मात्र वाटते तितके सोपे नाही, आणि ते अवघड करणारी गोष्ट तांत्रिक नाही; ती मनुष्यस्वभावातली आहे. आवृत्ती हवी झाली की सोपा मार्ग म्हणजे जुन्या फाइलची नक्कल करून तिला नवा रंग देणे. पुढच्या वर्षी कोणी त्या नकलेची नक्कल करतो. एखाद्या वेळी मूळ फाइल सापडत नाही, म्हणून फ्लेक्सच्या दुकानातला कारागीर मोबाइलवर आलेल्या पुसट चित्रावरून कोरलड्रॉमध्ये समई नव्याने गिरवतो. त्याला संध्याकाळपर्यंत फलक द्यायचा असतो, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फाइलींची नावे 'फायनल', 'नवा फायनल', 'शेवटचा फायनल' अशी वाढत जातात. काही वर्षांनी सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दिसते की एका समईची ज्योत उजवीकडे झुकली आहे, दुसरीची पातळ झाली आहे, तिसरीच्या खालच्या अक्षरातली वेलांटी हरवली आहे. कोणीही मुद्दाम काही बिघडवले नाही. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते केले. बहुतेक वारसे असेच, कोणाचाही अपराध नसताना, झिजतात.

यावरचा उपाय संगणक-चित्रणाच्या अगदी आरंभीच सुचलेला होता. १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली रचली. पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढण्याची ती सोय होती. तीत एक मूळ आकृती करून तिची हवी तितकी प्रतिरूपे मांडता येत, आणि मूळ आकृतीत फेरफार केला की तो सर्व प्रतिरूपांत आपोआप उतरे. नक्कल आणि प्रतिरूप यांतला भेद येथे प्रथम स्पष्ट झाला. नकलेचा मुळाशी संबंध ती निघताक्षणी संपतो. प्रतिरूपाचा संबंध चालू राहतो. आजच्या साधनांतही ही सोय आहे. इंकस्केपमध्ये प्रतिरूपाला क्लोन म्हणतात. समईची ज्योत एकदा सुधारली की सातही आवृत्त्यांतली ज्योत सुधारते.

आता मुख्य मुद्दा येतो. प्रतिरूपे मुळाशी बांधलेली आहेत हे ठीक. पण आपल्याला तर ती निरनिराळ्या रंगांत हवी आहेत. इंकस्केपमध्ये पिवळ्या समईचे प्रतिरूप घेऊन त्याला पांढरा रंग देऊ लागलो तर काहीच घडत नाही. प्रतिरूप पिवळेच राहते. मूळ आकृतीवर रंगाची नोंद पक्की असेपर्यंत तीच नोंद वरचढ ठरते. प्रतिरूपांना आपापला रंग घेता यावा यासाठी मूळ आकृतीची रंगाची नोंदच काढून घ्यावी लागते. यासाठी तेथे दोन वेगळी बटणे आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. फुलीच्या बटणाचा अर्थ 'रंग नाही'. ते दाबले तर आकृतीचा अंतर्भाग रिकामा होतो आणि प्रतिरूपेही रिकामी होतात. प्रश्नचिन्हाच्या बटणाचा अर्थ 'रंग ठरवलेला नाही'. ते दाबले की मूळ आकृती आपल्या रंगावरचा हक्क सोडते, आणि मग एक प्रतिरूप पांढरे होऊ शकते, दुसरे केशरी, तिसरे जांभळे. सर्वांचा आकार मात्र मुळाशी बांधलेलाच राहतो.

सगुण-निर्गुणाच्या चर्चेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. निर्गुण म्हणजे गुणांचा अभाव, असा ढोबळ अर्थ घेतला तर ते फुलीचे बटण होते. निर्गुण म्हणजे कोणत्याही एका गुणाने न बांधलेले, असा अर्थ घेतला तर ते प्रश्नचिन्हाचे बटण होते. पहिल्या निर्गुणातून काहीच निघू शकत नाही. दुसऱ्यातून सर्व काही निघू शकते. आणखी एक बारकावा असा की, रंग न ठरवलेली आकृती पडद्यावर अदृश्य होत नाही. इतर कोणती सूचना नसेल तर ती काळी दिसते. नवखा मनुष्य ती पाहून म्हणतो की मूळचा रंग काळा आहे. वस्तुतः काळा हा तिचा रंग नव्हेच. कोणी काही ठरवले नाही म्हणून दिसणारे ते रूप आहे. आपण ज्याला 'साधे', 'शुद्ध' किंवा 'प्रमाण' म्हणतो, ते पुष्कळदा असेच असते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, आकार तोच आणि रंग कोणताही, असे म्हटले तर वाटेल ते चालेल. आक्षेप योग्य आहे. पांढऱ्या भूमीवर लाल क्रॉस हे चिन्ह १८६४ च्या जिनिव्हा करारात युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी स्वीकारले गेले. लाल भूमीवर पांढरा क्रॉस म्हणजे स्वित्झर्लंडचा ध्वज; त्या देशाच्या गौरवार्थ त्याचे रंग उलटे करून रेडक्रॉसचे चिन्ह घेतले, अशी नोंद १९०६ च्या करारात आहे. युरोपातील अनेक देशांत हिरवा क्रॉस दिसला की तेथे औषधांचे दुकान आहे असे समजावे. आकार जवळजवळ तोच. पण यांतील एक चिन्ह दुसऱ्याची रंगावृत्ती आहे असे कोणी म्हणणार नाही. भारतात तर १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने लाल क्रॉसच्या अनधिकृत वापराला मनाई आहे, कारण रणांगणावर त्या रंगाच्या विश्वासार्हतेवर जीव अवलंबून असतात. येथे रंग ही वरवरची नोंद राहत नाही. तोच अर्थ होतो.

न्यायसूत्रांत शब्दाच्या अर्थाची चर्चा करताना व्यक्ती, आकृती आणि जाती असे तीन घटक मानले आहेत, आणि तेथे मातीच्या गायीचे उदाहरण येते. मातीच्या गायीला गायीची आकृती असते, पण गायीसाठी सांगितलेले प्रोक्षणादी विधी तिच्यावर कोणी करीत नाही. म्हणजे आकृती जुळली एवढ्याने वस्तू 'ती' ठरत नाही. आणखी काही लागते. बोधचिन्हाच्या बाबतीत हे आणखी काही म्हणजे काय? माझ्या मते ते म्हणजे एक उघड केलेला आणि पाळलेला संकल्प. हे चिन्ह आमचे, या इतक्या रंगांत ते आमचेच राहील, त्यापलीकडे नाही, असे संस्थेने ठरवायचे आणि समाजाने मान्य करायचे. ॲपल कंपनीने १९७७ मधील सहा रंगांच्या पट्ट्यांचे सफरचंद १९९८ च्या सुमारास एकरंगी केले. आकार टिकला, लोकांनी ते स्वीकारले. एप्रिल २०२४ मध्ये 'डीडी न्यूज'च्या चिन्हाचा रंग तांबड्यावरून बदलला, तेव्हा टीकाकारांनी नव्या रंगाला भगवा म्हटले आणि प्रसारभारतीच्या प्रमुखांनी नारिंगी. आकाराबद्दल कोणाचीच फारशी तक्रार नव्हती. वाद रंगाचा होता, आणि रंगाला काय नाव द्यायचे याचाही. ज्या समाजात रंगांना इतका अर्थ चिकटलेला आहे, तेथे रंग ठरवणे ही एकट्या आरेखकाची बाब राहू शकत नाही.

तेव्हा उत्तर दोन टोकांच्या मधे आहे. मूळ आकृतीने रंगावर हक्क सांगू नये. पण प्रतिरूपांनी घ्यायचे रंग मोजके, ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असावेत. चांगला आरेखक अशी रंगांची यादी फाइलमध्येच ठेवतो आणि प्रत्येक आवृत्ती त्या यादीशी जोडतो. केशरीची छटा यादीत बदलली की ती जेथे जेथे वापरली आहे तेथे बदलते. स्वातंत्र्य आहे, पण ते जबाबदारीच्या यादीतून घेतलेले आहे.

आणखी एक गोष्ट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. काळ्या भूमीवरची पांढरी आकृती ही पांढऱ्या भूमीवरच्या त्याच मापाच्या काळ्या आकृतीपेक्षा डोळ्याला मोठी आणि जाड भासते. तेजस्वी वस्तू तिच्या खऱ्या आकारापेक्षा मोठी दिसते हे गॅलिलिओच्या ध्यानात आले होते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी या दृष्टिभ्रमाचा अभ्यास केला. म्हणून कसलेला आरेखक गडद भूमीसाठीच्या आवृत्तीत रेषा किंचित बारीक करतो. दोन्ही आवृत्त्या समान दिसाव्यात म्हणून त्या मापाने असमान ठेवाव्या लागतात. शिवाय नुसते रंग उलटे केले तर पांढऱ्या समईवर काळी ज्योत येते, आणि काळी ज्योत म्हणजे विझलेला दिवा. तेथे उलटापालट पुरत नाही. अर्थ ओळखून तेवढा भाग वेगळा हाताळावा लागतो. समान न्याय म्हणजे सर्वांना एकच मोजपट्टी, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण मनाशी ठेवावे. भूमी वेगळी असली की त्याच मापाचा परिणाम वेगळा होतो.

हा विचार आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना जवळचा आहे. सतराव्या शतकात तंजावरला गेलेली मराठी, अठराव्या शतकात वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थिरावलेली मराठी, निजामाच्या राज्यात उर्दू-तेलुगूच्या शेजारी नांदलेली मराठी, गोव्यात कोंकणीच्या सोबतीने वाढलेली मराठी आणि बेळगावची कानडीच्या शेजारची मराठी, या सर्व एका आकृतीच्या रंगावृत्त्या आहेत. इंदूरचा किंवा वडोदऱ्याचा माणूस 'काल ते मला बाजारात मिळाले' असे म्हणतो, तेव्हा पुण्याचा पाहुणा हसतो आणि 'भेटले म्हणा' असे सुचवतो. त्याच्या मनात मूळ आकृतीवर रंगाची पक्की नोंद आहे, आणि तो रंग स्वतःच्या गावाचा आहे असे तो धरून चालतो. परंतु पुण्याची बोलीही एक रंगावृत्तीच आहे. ती छापील पुस्तकांतून आणि शाळांतून सर्वत्र पसरली म्हणून रंगहीन भासते, जशी न ठरवलेल्या रंगाची आकृती काळी भासते. मुळाने आपल्या रंगाचा आग्रह धरला तर प्रतिरूपांपुढे दोनच वाटा उरतात: स्वतःचा रंग टाकणे किंवा संबंध तोडणे. या दोन्ही वाटांनी गेलेली घराणी आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहेत.

पण दोष एकट्या केंद्राला देऊन भागणार नाही. इंकस्केपमध्ये प्रतिरूपाचा मुळाशी असलेला संबंध तोडण्याचीही आज्ञा आहे. ती दिल्यावर पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही. रंग तोच, आकार तोच. फरक पुढे कधीतरी कळतो, जेव्हा मूळ सुधारते आणि ही आकृती जागची हलत नाही. मूळ आकृतीच पुसून टाकली तरी, नेहमीच्या मांडणीत, प्रतिरूपे नाहीशी होत नाहीत. ती सुटी होऊन राहतात. सुटे झालेले प्रतिरूप दिसायला पूर्ण असते, आणि यातच त्याचा धोका आहे. घरी मराठी आडनाव आहे, गणपती बसतो, पुरणपोळी होते, एवढ्यावर संबंध शाबूत आहे असे आपण समजतो. परंतु आजचे मराठी पुस्तक घरात येत नसेल, मराठीत नवा विचार वाचला, लिहिला जात नसेल, तर आपल्याकडे उरली ती एका विशिष्ट वर्षी निघालेली नक्कल. तिचा रंग कितीही सुंदर असो, तिच्यातली ज्योत आता कोणाच्या सुधारण्याने सुधारणार नाही.

येथे प्रतिरूपाची उपमा अपुरी पडते, हेही सांगितले पाहिजे. संगणकातल्या प्रतिरूपाला मूळ सुधारता येत नाही; भाषेत मात्र ते शक्य असते. ग्वाल्हेरची समाजमंडळे, वडोदऱ्याच्या संस्था, हैदराबादची ग्रंथालये यांनी मराठीकडून घेतले तसे मराठीला दिलेही. भाषेचे मूळ कोणत्याही एका गावात ठेवलेले नाही. ते सर्व आवृत्त्यांनी मिळून सांभाळायचे असते.

म्हणून बोधचिन्हाची फाइल सांभाळणारा आणि भाषा सांभाळणारा यांची कर्तव्ये फारशी वेगळी नाहीत. रंग नीट ठरवून घ्यावा आणि तो मोकळेपणाने वागवावा. दुसऱ्याचा ठरलेला रंग खोटा म्हणू नये. भूमी वेगळी असेल तेथे माप थोडे बदलण्याची तयारी ठेवावी. नकलेची नक्कल करण्याचा मोह टाळावा आणि वेळ लागला तरी मुळापर्यंत जावे. आणि आपले प्रतिरूप अजून जोडलेले आहे की कधीच सुटे झाले आहे, हे अधूनमधून तपासावे. कारण नुसत्या दिसण्यावरून ते कळत नाही.